पाठ टेकायला जागा

चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत, दुसऱ्या पंगतीला, मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून आमच्या दाजींनी विचारलं, "काय गं, मुंबईत येऊन हॉटेलात उतरलीस म्हणे?" त्यातला 'म्हणे' त्यांनी असा लांबवला, की मी रात्र पोलीस चौकीत काढली असावी असं समोरच्या पानांवरच्या मंडळींना वाटलं. मी हो म्हटलं. कुठे? काळा घोड्याजवळ, जुन्या इमारतीत नव्यानं केलेलं एक देखणं हॉटेल आहे. किती घेतले? दोन रात्रींचे साडेपंधरा हजार. पंगत क्षणभर गप्प झाली. त्या गडबडीत वाढप्यानं मला नको असलेली जिलबी वाढून टाकली.

मग दाजी सविस्तर बोलले. डोंबिवलीत आमचं घर आहे, पोरगा पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे. आपलं माणूस असताना परक्या दारात कशाला जायचं? हॉटेल म्हणजे शेवटी काय, रात्री पाठ टेकायला जागा. डोळे मिटले की सगळ्या खोल्या सारख्याच. साडेपंधरा हजारांत फ्रीज येतो. बरं, एवढे मोजून तिथं करायचं काय, तर आरशासमोर उभं राहून फोटो काढायचे. त्यांच्या शेजारी काकांचे स्नेही, एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. त्यांनी विषय जरा वर उचलला. असल्या हॉटेलांच्या काचेतून मुंबई दिसत नाही, खरी मुंबई चाळीत, लोकलमध्ये आणि वडापावच्या गाडीवर असते, असं ते म्हणाले आणि ताक मागितलं.

मी तिथं उत्तर दिलं नाही. मुंजीत वाद घालू नये, आणि तोंडात जिलबी होती. पण दोघांचंही म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि ते इतक्या घरांत इतक्या खात्रीनं बोललं जातं, की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायला हवं.

दाजी कंजूष नाहीत, हे आधी सांगते. त्यांचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: खोलीचं भाडं हे झोपेचं भाडं. तसं असतं तर त्यांचं बरोबरच होतं. झोप मला डोंबिवलीतही लागली असती, कदाचित जास्त चांगली लागली असती, कारण ताईच्या घरची उशी माझ्या मानेला माहीत आहे. पण मी झोपेचे पैसे दिलेच नाहीत. दिले ते झोपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तासांचे.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी सातच्या पुढेमागे सीएसएमटीला लागते. दाजींच्या योजनेप्रमाणे मी पहाटे कल्याणला उतरायचं, डोंबिवलीला जायचं, आंघोळ, पोहे, गप्पा, आणि दहाच्या सुमाराला, गर्दी जरा ओसरली की लोकल पकडून पुन्हा मुंबई. डोंबिवली ते सीएसएमटी अठ्ठेचाळीस किलोमीटर. फास्ट मिळाली तरी तासभर, वर दोन्हीकडचं चालणं. म्हणजे फोर्टात पाय ठेवायला बारा. संध्याकाळी सहाला निघावंच लागतं, कारण जेवायला सगळे थांबलेले असतात. रविवार असला तर मेगाब्लॉक. या हिशेबात फोर्टाचे जे तास हातात येतात, ते बरोबर कचेरीचे तास. म्हणजे आपण मुंबई बघायला गेलो आणि मुंबईचा लंच टाइम बघून आलो.

फोर्ट अकरा ते सहा एकसारखाच असतो. झेरॉक्सवाले, वकिलांचे कोट, हातगाड्या, टॅक्सीचे भोंगे, फुटपाथवर चार्जर आणि मोबाइलची कव्हरं. वर बघायला उसंत नसते. वर बघितलं तर मागचा धक्का देऊन पुढं जातो. पण त्याच रस्त्यांना सकाळचा आणि रात्रीचा असे आणखी दोन जन्म आहेत, आणि ते पाहायला मिळतात फक्त तिथं झोपणाऱ्याला.

इथं मला एक गोष्ट मान्य करायला हवी. गाडी सकाळी सातला येते आणि खोली दुपारी दोनला मिळते. लवकर खोली हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं भरा, असं काउंटरवरच्या मुलानं अतिशय गोड आवाजात सांगितलं. मी तितक्याच गोड आवाजात नकार दिला. बॅगा ठेवून घेतल्या, खालच्या प्रसाधनगृहात तोंड धुतलं, आणि पारोशीच बाहेर पडले. हॉटेलवाल्यांच्या या दोन वाजण्याच्या नियमाचा मला संताप आहे. पण त्या सकाळी मला जे सापडलं, ते याच नियमाच्या कृपेनं.

रॅम्पार्ट रो. नावातच किल्ल्याचा तट आहे. तो तट 1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडला. भिंत गेली, रस्त्याला नाव राहिलं. सकाळी साडेसातला त्या रस्त्यावर मी, दोन कुत्री आणि पेपरांचे गठ्ठे सोडून पुरवण्या घालत बसलेले तिघंजण, एवढेच होतो. त्यांच्यातला एकजण न बघता पुरवणी आत सरकवत होता, हात नुसता फिरत होता. समोर डेव्हिड ससून लायब्ररीच्या पिवळसर दगडावर ऊन उतरत होतं. ही इमारत 1870 ची. दिवसा मी तिच्यासमोरून शंभरदा तरी गेले असेन, पण तिच्या कमानींत दोन रंगांचे दगड आलटून पालटून बसवलेत हे मला त्या दिवशी दिसलं. पुढं चौकात घोडा. मूळचा काळा घोडा म्हणजे एडवर्ड राजाचा पुतळा. 1965 साली तो उचलून राणीच्या बागेत नेला, तरी चौकाचं नाव काही कुणी बदललं नाही. 2017 मध्ये नवा घोडा आणून बसवला, त्याच्यावर स्वार नाही. राजा गेला, घोडा परत आला. हे मला फार आवडतं. ओव्हलवर तोवर सामने सुरू झालेले. एकाच मैदानावर चार-पाच सामने, एकाचा कव्हर दुसऱ्याच्या लाँगऑनला खेटून उभा. मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको घरांची ओळ. 2018 साली या दोन्ही बाजूंना मिळून युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. या दोन ओळी एकमेकींकडे बघत उभ्या आहेत, हे कळायला मैदानाच्या मधोमध उभं राहावं लागतं, आणि मैदानाच्या मधोमध निवांत उभं राहण्याची वेळ सकाळचीच.

आता दाजींच्या मुलाचा मुद्दा. तो फोनवर म्हणाला, मावशी, आता मेट्रो आलीय, अंधेरीला स्वस्तात राहायचं आणि हवं तेव्हा यायचं. मुद्दा बिनतोड दिसतो. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो तीन आरेहून थेट कफ परेडपर्यंत धावते, हुतात्मा चौकाला स्वतःचं स्थानक आहे, गारेगार डबा आहे. मेट्रोची मी स्तुतीच करीन. पण मेट्रोनं अंतर कमी केलं, घड्याळ नाही काढून घेतलं. शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराची. मी शुक्रवारी रात्री एनसीपीएला गाण्याला गेले होते. माझ्या पुढच्या ओळीत एक जोडपं होतं. भैरवी सुरू झाली आणि त्या बाईंनी पर्समधून फोन काढून वेळ बघितली. नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, ती गाण्याला दिलेली दाद नव्हती. दोघं वाकून, गुडघे चुकवत बाहेर पडले. त्यांना दोष कसा द्यायचा? मी स्वतः वर्षानुवर्षं मुंबईतल्या प्रत्येक मैफलीतून अशीच वाकून बाहेर पडलेली आहे. या वेळी भैरवी पुरी ऐकली, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर अर्धा तास बसले, आणि चालत खोलीवर आले. दाजींना हे साडेपंधरा हजारांत बसत नाही. मला बसतं.

कराचं एक सांगून ठेवते, कारण खोली निवडताना उपयोगी पडेल. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी आता पाच टक्के आहे, त्याच्या वर एक रुपया गेला की अठरा. माझी खोली सात हजार चारशेची होती. दोनशेनं महाग असती तर रात्रीला बाराशे रुपये जास्त पडले असते. दाजींना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच जरा प्रसन्न दिसले.

आता 'आपलं माणूस असताना' हा मुद्दा. तो प्रेमाचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड आहे, आणि म्हणूनच द्यायला हवं. डोंबिवलीतलं माझं आपलं माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. ती फोर्टातल्या एका बँकेत चोवीस वर्षं नोकरी करते. सकाळी पाचला उठते, दोन डबे भरते, सातच्या पुढची फास्ट पकडते. घरी पाहुणी आली की ती साडेचारला उठते. पोहे वाढते, कांदा कमी पडला असं स्वतःच म्हणते, आणि पळत स्टेशन गाठते. संध्याकाळी डब्यात दोन पायांवर उभी राहून परत येते आणि 'काहीतरी गोडाचं' करायला लागते. मी मदतीला उठते. ती 'तू बस गं' म्हणते. मी बसत नाही. मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या, आणि बाहेर दाजी मला 'मुंबईत काय काय बघितलंस' असं विचारतायत. आपल्याकडे पाहुणा पुरुष पाहुणा असतो. पाहुणी बाई ही तात्पुरती वाढलेली एक कामाला हात लावणारी. 'आपलं माणूस असताना' असं म्हणणारं माणूस बहुतेक वेळा ओट्याच्या पलीकडे बसलेलं असतं. हॉटेलात उतरल्यानं आमच्या नात्यात अंतर पडलं नाही, दोन बायकांची दोन दिवसांची चाकरी तेवढी टळली. आणि हॉटेलात उतरले म्हणून मी तिला भेटले नाही, असंही झालं नाही. ते शेवटी सांगते.

प्राध्यापकांचं 'खरी मुंबई' प्रकरण मला जास्त झोंबलं. ते स्वतः तीस वर्षं सांगलीत बागेच्या बंगल्यात राहतात, आणि खऱ्या मुंबईचा पत्ता मात्र त्यांना ठाऊक. चाळ खरी आहेच. लोकल खरीच आहे, तिच्यातल्या घामासकट. पण दुसऱ्यानं सोसलेली अडचण दोन दिवस चाखून आल्यानं आपण त्या शहराचे जाणकार होतो, हा एक वेगळा दिमाख आहे, आणि तो माझ्या हॉटेलच्या दिमाखापेक्षा स्वस्त असला तरी जास्त चांगला नाही. शिवाय त्यात इतिहासही चुकतो. मध्यवस्तीतलं उतरायचं ठिकाण ही मुंबईच्या बाहेरची, परकी, वरून चिकटवलेली गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी क्रॉफर्ड मार्केटसमोर जावं. लोकमान्य टिळक मुंबईत आले की सरदारगृहात उतरत, आणि 1 ऑगस्ट 1920 ला त्यांचं निधन झालं तेही तिथंच. सरदारगृह म्हणजे चक्क लॉज. गिरगावात त्यांना खोली मोकळी करून देणारी घरं कमी होती असं कोण म्हणेल? पण ज्याला शहरात कामं आहेत, माणसांना भेटायचं आहे, त्यानं शहराच्या मध्यावर, कुणाच्या स्वयंपाकघराच्या वेळा न मोडता उतरावं, ही समज तेव्हाही होती.

आणि ताज? ताज 16 डिसेंबर 1903 ला उघडलं. गेटवे ऑफ इंडिया 1924 चं. म्हणजे समुद्राकडून येणाऱ्याला वीस वर्षं आधी हॉटेल दिसत होतं, दरवाजा मागाहून आला. त्या हॉटेलचे आराखडे काढणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. ते काम पुरं होण्याआधीच वारले, आणि पुढचं चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं पुरं केलं. ताजमध्ये राहणं माझ्या ऐपतीबाहेरचं आहे, तरी तिथला एक मराठी हात मला माझ्या शहराचाच वाटतो.

माझ्या खोलीच्या खिडकीतून, जरा वाकलं की, वॉटसन हॉटेलचा सांगाडा दिसायचा. सांगाडाच म्हणायचा. ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं आणलेल्या. 1896 च्या 7 जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथं, तिकीट एक रुपया. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथं उतरला होता. पुढं हॉटेल बंद पडलं, एस्प्लनेड मॅन्शन नाव झालं, खोल्याखोल्यांत वकिलांची कार्यालयं आणि बिऱ्हाडं शिरली, 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं गोठलं. मालकाला भाड्यात दुरुस्ती परवडेना, भाडेकरू जागा सोडेना. गॅलऱ्या कोसळू लागल्या, 2019 साली इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली. हाकेच्या अंतरावरचं माझं हॉटेल त्याच सुमाराच्या एका इमारतीत, पण तिची कौलं शाबूत, जिन्याचा सागवानी कठडा तेल पिऊन चमकणारा. प्राध्यापकमहाशय ज्याला दिखाऊपणा म्हणतात, त्यातनंच त्या कठड्याला तेल मिळतं. सगळ्या जुन्या इमारतींची हॉटेलं व्हावीत असं मी म्हणत नाही. तसं झालं तर फोर्टात राहणारं माणूस उरणार नाही, नुसते उतरणारे उरतील. पण एखादी इमारत रोज पोटापुरतं कमावत असेल तर ती उभी राहते, न कमावणारीचं काय होतं ते खिडकीतून दिसत होतं.

देखणेपणाच्या नावाखाली चालणारी सोंगं मात्र मला पाठीशी घालायची नाहीत. खोलीत दिवे नऊ होते आणि उजेड एकाचाही नाही. कादंबरीचं पान वाचायला मला न्हाणीघरात जावं लागलं. त्या न्हाणीघराची भिंत काचेची. का, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. बटणांवर चित्रं होती, चंद्राचं दाबलं की पडदे सरकायचे. 'मसाला चाय' नावाचा एक कप साडेतीनशे रुपयांना. मी तो पहिल्या दिवशी चुकून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी खाली गल्लीत टपरीवर उभं राहून कटिंग घेतला. हे सगळं दाजींच्या पदरात घालते. त्यांनी हे मुद्दे मांडले असते तर मी पंगतीतच शरण गेले असते. ते मांडायला त्यांनी एकदा तरी तिथं राहायला हवं होतं.

आता ताई. शनिवारी बँक सुटली की इकडंच ये, रात्री राहा, असं मी तिला सांगितलं. तिनं आधी डाळ भिजत घातल्याचं कारण दिलं. मग आली, ऑफिसची पर्स आणि एका कापडी पिशवीत गाऊन घेऊन. काउंटरवर आधार कार्ड मागितलं. मुलानं पत्ता न वाचताच हसून विचारलं, "मॅडम, मुंबईत पहिल्यांदाच?" ताईनं त्याच्याकडे बघितलं. चोवीस वर्षं ती त्याच्या दारापासून दहा मिनिटांवर रोज येत होती. "हो," ती म्हणाली, "रात्रीची पहिल्यांदाच."

रात्री ती दोनदा उठून खिडकीशी गेली. राजाबाईचे टोल ऐकू येतात, हे तिला खरं वाटत नव्हतं. बँकेत दिवसभर तो आवाज वाहनांत बुडून जातो. पहाटे पाचला तिला आपोआप जाग आली, सवयीनं. डबा नव्हता, गाडी नव्हती. तिनं मला हलवून उठवलं आणि म्हणाली, चल, माझं ऑफिस दाखवते.

हुतात्मा चौकातून आम्ही गेलो. शटर बंद, रस्ता धुतल्यासारखा मोकळा, रविवार. तिच्या बँकेसमोर ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, जिथं एरवी सेकंदभरही उभं राहता येत नाही, आणि मान वर केली. दाराच्या कमानीवर दगडाचा सिंह होता. तोंड उघडं, एक कान तुटलेला, जबड्यात कबुतराचं घरटं.

"हा कधी बसवला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, इमारतीइतकाच जुना असणार.

ती बराच वेळ बघत राहिली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि लगेच हात खाली घेतला.